खार, लटकता डबा आणि ठिबकची नळी



मागच्या दोन वेळी आपण व्याजाचा हिशोब आणि बँकेची कागदपत्रं यावर बोललो. आज खारीवर बोलणार आहोत. काहीजणी हसल्या असतील. आमच्या बैठकीतही हा विषय निघाला तेव्हा हसूच झालं होतं, पण शेवटी तो कर्जाच्या हप्त्यापर्यंत आणि विषाच्या पुडीपर्यंत गेला. म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या गटाची बैठक दर मंगळवारी दुपारी आक्कांच्या परसदारी कडुलिंबाखाली भरते. चैत्रात शाळेतल्या पोरींनी पाण्याच्या बाटलीपासून पाखरांसाठी दाणे ठेवायचं लटकन करून आणलं. तुम्हीही पाहिलं असेल. बाटलीला आरपार भोकं पाडायची, त्यातून दोन लाकडी चमचे घालायचे, वर सुतळी बांधायची. चमच्याच्या खोलगट बाजूला दाणे थोडे थोडे येत राहतात. आम्ही त्यात बाजरी आणि ज्वारीची कणी भरली आणि लिंबाच्या फांदीला टांगलं. चिमण्यांसाठी होतं ते. चिमण्या दोन दिवस लांबूनच बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी खार आली.

कोकणात हिला चानी म्हणतात, आमच्याकडे खार, आणि पोरं खारूताई. अंगणात दिवसातून दहा वेळा दिसते, पण ती काम कशी करते हे निवांत बसून आम्ही पहिल्यांदाच बघितलं. ती सुतळीवरून डोकं खाली करून उतरली. मांजर झाडावर सरसर चढतं, पण उतरताना त्याची कशी फजिती होते ते आपण बघतो. खारीचं तसं होत नाही, कारण तिच्या मागच्या पायांचे घोटे उलटे फिरतात. नखं वरच्या बाजूला रुततात आणि सगळा भार मागच्या पायांवर पेलतो. पुढचे हात मोकळेच. मागच्या पायांनी सुतळी धरून ती उलटी लोंबकळली आणि दोन्ही हातांनी दाणे तोंडात टाकू लागली. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे. तोल राखायला ती शेपटीच वापरते. लटकन गोल फिरायला लागलं की शेपटी उलट्या बाजूला जायची. त्या दिवशी वहीवर सह्या व्हायला अर्धा तास उशीर झाला.

चमच्यातून येणारे दाणे तिला पुरेनात. पुढच्या आठवड्यापर्यंत तिने बाटलीचं भोक कुरतडून दुप्पट केलं होतं. खार, उंदीर, घूस ही एकाच जातीची, कुरतडणारी. यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कुरतडून झिजवले नाहीत तर तोंडही मिटायचं नाही. तेव्हा प्लॅस्टिक कुरतडणं हा तिचा खोडसाळपणा नाही, ती तिची गरज आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ठिबकच्या वेळी लागेल. दोन दिवसांनी सुतळीही तुटली आणि बाटली खाली. सगळे दाणे मातीत.

कोंबड्यांनी ते खाल्ले, बरंच झालं म्हणायला हवं. पण दिवस मावळला की कोंबड्या खुराड्यात जातात आणि उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात. उंदरामागे साप येतो. आक्कांच्या परसातच न्हाणीघर आहे आणि अंधारात तिकडे बायका-पोरंच जातात. पाखरांना दाणे घालणं पुण्याचं खरं, पण खाली सांड होऊन घोणस परसात येणार असेल तर ते पुण्य फार महागात पडतं. म्हणून लटकन बंद करावं असं निम्म्याजणींचं मत पडलं. उरलेल्या म्हणाल्या, खारीपुढे एवढ्यात हात टेकायचे का?

मग तेलाचा पत्र्याचा डबा घेतला. कडा आत दुमडून घेतल्या, म्हणजे हात कापायला नको आणि पाखरांचे पायही. खाली एक जुनी ताटली बसवली, सांडलेलं तिच्यातच राहावं म्हणून. सुतळीऐवजी बांधकामाची तार. खार तारेवरूनही आली. डबा झाडापासून काढून अंगणातल्या दोन खांबांमध्ये ताणलेल्या कपड्यांच्या तारेला अडकवला. त्या तारेवरून ती आपण बांधावरून चालतो तशी चालत आली.

या टप्प्यावर उपायांचा पाऊस पडला. एक वहिनी म्हणाल्या, तारेला वंगण लावा. तसं करू नका. वंगण तिच्या केसांना लागतं, ती अंग चाटून स्वच्छ करते आणि ते पोटात जातं. चिमणीच्या पिसांना लागलं तर तिला उडणं जड जातं. दुसरीने सुचवलं, दाण्यात तिखट मिसळा. यात तथ्य आहे. तिखटाची आग आपल्याला होते, खारीला होते, पण पाखराच्या तोंडाला ती जाणवतच नाही. म्हणून तर पोपट मिरच्या मजेत खातो. पण वाऱ्याने तिखट उडालं तर डोळ्यात जाणार, खारीच्याही आणि खाली खेळणाऱ्या पोरांच्याही. तेही आम्ही नको म्हटलं.

उपाय सापडला तो मावशींच्या फुटक्या प्लॅस्टिकच्या टोपलीत. टोपली पालथी करून मधोमध भोक पाडलं, तार त्यातून ओवली आणि डब्याच्या वर छत्रीसारखी लटकवली. गाठ सैल ठेवली, म्हणजे टोपली कोणत्याही बाजूला कलते. खार आली, टोपलीवर पाय ठेवला, टोपली कलली आणि बाई घसरून धपकन खाली! लागलं काही नाही, हलकं जनावर. भिंतीवर चढून शेपटी झटकत तिने चिर्र चिर्र असा जो शिव्यांचा मारा केला तो पाव तास चालला. आम्ही एवढ्या हसलो की शेजारच्या आत्याबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

पण खार ती. वरून जमत नाही म्हटल्यावर ती दोन दिवस नुसती भिंतीवर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून थेट डब्याच्या कडेवर उडी. अंतर तीन हात तरी होतं. डबा आणखी आत सरकवला, भिंतीपासून सहा हात आणि जमिनीपासून पुरुषभर उंच. तेव्हा कुठे चिमण्यांना चिमण्यांचं मिळालं. तुम्हाला करायचं असेल तर आधी ही अंतरं बघा, डबा कसला आहे ते नंतर.

पोरींनी तेवढ्यात तिच्या पाठीवरचे पट्टेही मोजले. रामाची तीन बोटं असं आपण ऐकत आलो, इथे निघाले पाच. तीन पाठीवर ठळक, दोन कुशीकडे जरा फिकट. आपल्या देशात तीन पट्ट्यांची खारही आहे आणि पाच पट्ट्यांचीही, दोन्ही वेगळ्या. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू हाही खारीचाच मोठा भाऊबंद, भीमाशंकरच्या जंगलातला. तिथलं अभयारण्य 1985 साली मुख्यतः त्याच्यासाठी झालं. त्याला बघायला लोक लांबून येतात. परसातल्या खारीकडे कोण बघतो!

आता खरी गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून वीस गुंठे डाळिंबाला ठिबक केलं. उन्हाळ्यात बांधाकडच्या नळ्या कुरतडलेल्या सापडू लागल्या. महिन्याला डझनभर ठिकाणी नळी कापून जोड टाकायचा, त्यात अर्धा दिवस जायचा, आणि जिथे नळी फुटली तिथून पुढच्या झाडांना पाणी कमी. हप्ता डाळिंबावर अवलंबून, डाळिंब पाण्यावर. ताईंच्या मालकांनी वैतागून दुकानातून उंदराचं औषध आणलं. पिठात कालवून बांधावर गोळ्या ठेवायच्या, खार असो की उंदीर. ती पुडी घरात कोनाड्यात होती आणि ताईंचा नातू तीन वर्षांचा.

ताईंनी हे बैठकीत सांगितलं, ते बरं केलं. बाजारात मिळणाऱ्या या औषधांत दोन फार वाईट. काळी-करडी पूड असते ती पोटात गेल्यावर विषारी वायू तयार करते. तिच्यावर खास उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणं सांभाळत उपचार करतात. दुसरं मलमासारखं, पिवळ्या फॉस्फरसचं. ते खाल्लेलं माणूस पहिले एक-दोन दिवस बरं दिसतं, घरचे म्हणतात वाचलं, आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून कुणाच्या पोटात असं काही गेलं तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही. उलटी करवायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. पुडीचा कागद बरोबर घ्यायचा, 108 ला फोन लावायचा आणि दवाखाना गाठायचा. शिवाय बांधावरची गोळी खार खाईल की कोंबडी, की शेळीमागे फिरणारं पोर, हे गोळीला कळत नाही. मेलेला उंदीर मांजराने उचलला तर तेही धोक्यात.

पण नुसतं नको म्हणून ताईंचं ठिबक वाचत नव्हतं. मालकांचं म्हणणं रास्त होतं: मग करू काय ते सांगा. तेव्हा परसातलं बघणं कामी आलं. आमच्या डब्याजवळ चिमण्यांसाठी मातीची परळ भरून ठेवली होती. भर दुपारी खार दाणे सोडून आधी त्या परळीवर यायची. उन्हाळ्यात बांधावर पाण्याचा थेंब नसतो, आणि नळीतून मात्र पाणी वाहत असतं. दात झिजवायचे आणि तहानही भागवायची, दोन्ही एकाच नळीत मिळतं. डाळिंबवाले काही जुने शेतकरी उन्हाळ्यात बांधावर पाणी ठेवतात ते यासाठीच, असं चौकशी केल्यावर कळलं.

मग बांधाच्या कडेने, जिथे नळ्या जास्त फुटायच्या तिथे, झाडाच्या सावलीत पाच परळ्या ठेवल्या. फुटक्या माठांचे बूडही चाललं. प्रत्येकात एक दगड, म्हणजे मधमाशी, पिल्लू बुडणार नाही. पाणी दिवसाआड बदलायचं आणि आठवड्यातून एकदा परळ घासून कोरडी करायची, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. हे काम नातवाने आवडीने घेतलं, आजीचं बोट धरून. बांधालगतच्या पहिल्या दोन ओळींतल्या नळ्यांवर पाचट टाकून त्या झाकल्या. पुडीचं काय करायचं यावर घरात दोन दिवस बोलाचाली झाली. शेवटी मालकांनी ती ज्या दुकानातून आणली तिथे परत दिली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत.

पुढच्या महिन्यात जोड लागले तीन-चार. त्याच पंधरवड्यात वळवाचा पाऊसही झाला, म्हणून सगळं श्रेय परळ्यांना देत नाही. आणि नळी कुरतडणं शून्यावर येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दात वाढायचे थांबत नाहीत. येत्या उन्हाळ्यात ताई सुरुवातीपासून परळ्या ठेवणार आहेत आणि प्रत्येक जोडाची तारीख वहीत लिहिणार आहेत. गटाच्या वहीच्याच मागच्या पानांवर.

खारीला खायला काय द्यावं असं काहीजणी विचारतात. मूठभर दाणे, चार कच्च्या शेंगा, फळाची साल, एवढं पुष्कळ. शेव, फरसाण, खारे दाणे देऊ नका. बुरशी धरलेल्या शेंगा तर मुळीच नाही. शेंगा निवडताना काळपट-हिरवट पडलेले दाणे आपण कोंबड्यांना टाकतो, तेही टाकू नयेत. त्या बुरशीत यकृताला मारक विष असतं, कोंबडीलाही आणि आपल्यालाही. रोज सकाळी घातलेलं संध्याकाळपर्यंत संपेल इतकंच घाला आणि दिवस मावळायच्या आत खालची जागा झाडून घ्या. पोरांना हातावर दाणा ठेवून खारीला भरवू देऊ नका. चावली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा.

एवढ्यात खार डब्याकडे फारशी येत नाही. आक्कांनी वाकळ वाळत घातली की तिच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस ओढून नेते. छपराच्या वाशात घरटं चाललंय. पिल्लं दोन-तीन होतात, डोळे मिटलेली, आणि वाढवते एकटी आईच. नर फिरकत नाही. हे सांगितल्यावर बैठकीत कोण काय बोललं ते रेडिओवर सांगत नाही. आक्कांनी वाकळेचा तो कोपरा अजून शिवलेला नाही.

पुढच्या मंगळवारी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. टोपलीचं छत्र कुणाला बघायचं असेल तर बैठकीच्या दिवशी दुपारी परसदारी या.