जीभ चालते आहे तोवर सांगून ठेवा
(कोलाड येथील बैठकीतील भाषण)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून घाट उतरून आलात. इथं कुंडलिकेला पाणी आहे, भाताची खाचरं आहेत. पाहून वाटलं असेल, यांना काय कमी! त्याबद्दल दुपारी बोलू. आत्ता विषय वेगळा आहे, आणि तो काढला की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "शुभ बोल नाऱ्या!"

पेरणी मृगात, पण बियाण्याची जुळवाजुळव आपण वैशाखात करतो. पोरीचं लग्न दोन वर्षं आधी डोक्यात असतं. आपलं शेवटचं दुखणं मात्र येणारच नाही, अशा थाटात आपण राहतो.

मग काय होतं ते तुम्ही गावोगाव पाहिलं आहे. बाप अर्धांगाच्या झटक्यानं पडतो. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून शहराच्या खाजगी दवाखान्यात. आत अतिदक्षता विभाग, बाहेर बाकड्यावर दोन मुलं, जावई आणि काका. डॉक्टर येऊन म्हणतो, "सुधारण्याची आशा फारशी नाही, पण व्हेंटिलेटर लावायचा का ते सांगा. सही करा." सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. 'नको' कोणी म्हणायचं? जो म्हणेल त्याला भावकी जन्मभर ऐकवणार, की यानं बापाला मारला. म्हणून सही होते. डोळे न उघडता बाप पंधरा दिवसांनी जातो. पहिल्या वेचणीचा पैसा कधीच संपलेला असतो, सावकाराकडं कागद गेलेला असतो, आणि तेराव्याला दोन भाऊ बोलत नसतात. बापाला काय हवं होतं? ते कोणालाच ठाऊक नाही. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

या रायगड जिल्ह्यातलाच एक माणूस घ्या. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा भावे जन्मले आणि तुमच्या कापसाच्या मुलखात, वर्ध्याजवळ पवनारला, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी गेले. वय ८७. हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारलं. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, तरी त्यांनी निर्णय बदलला नाही. विनोबांच्या सगळ्याच मतांशी आमचं जुळत नाही, आणि त्यांच्यासारखं अन्नपाणी सोडा, असं सांगायलाही आम्ही उभे नाही. मुद्दा एवढाच, की त्यांची इच्छा भोवतालच्या माणसांना त्यांच्याच तोंडून कळली होती.

आता दुसरं टोक पाहा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. मेंदूला इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली, ती करावी तेवढी थोडी. पण अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कोणी सांगू शकत नव्हतं. त्यांच्या वतीनं केलेला अर्ज २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं नामंजूर केला. मात्र काही परिस्थितीत उपचार थांबवता येतील, हे तत्त्व त्याच निकालात मान्य झालं. पुढं ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं, की शेवटच्या दुखण्यात कोणते उपचार नकोत, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येईल. तेव्हा घालून दिलेली पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यापुढं सही लागायची. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी केली.

आता वय १८ च्या वर हवं, मन ठिकाणावर हवं, कोणाचा दाब नको. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीनं कोण बोलेल, त्यांची नावं घालायची. एकच नाव नको, एकाहून अधिक घाला. भाऊ आणि मुलगा दोघांची घातली तर भांडणाचं बी तिथंच करपतं. प्रत त्यांना, घरच्या डॉक्टरला आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला. मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो.

कागद दाखवला आणि नळी काढली, असं होत नाही. दुखणं बरं न होणारं असेल आणि रोग्याला स्वतः ठरवता येत नसेल, तरच त्याचा उपयोग. आधी तीन डॉक्टरांचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं. दोन्हींचं एकमत झालं की न्यायदंडाधिकाऱ्याला कळवून मगच उपचार थांबतात. आणि उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही. वेदना कमी करणारं औषध, तोंड ओलं करणं, कूस बदलणं, हे शेवटच्या श्वासापर्यंत.

एक गोष्ट ठासून सांगतो. कर्जापायी जीव देणं आणि हा कागद यांचा काडीचा संबंध नाही. व्हेंटिलेटर वाईट असंही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. अशा माणसाला वेळेत यंत्र मिळालं तर तो उठून घरी येऊ शकतो. विषबाधा झाली, साप चावला, छातीत कळ आली, तर चर्चा करायची नाही, गाडी काढायची. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून माणूस गेला, तर ती कोणाची इच्छा नव्हे, सरकारची बेपर्वाई आहे.

मायबहिणींनो, आता तुमचं. बाप आजारी पडला की जमीन विकायचा विषय निघतो. आई आजारी पडली की 'तिचं वय झालं' हा विषय निघतो. सातबारा ज्याच्या नावावर, इलाज त्याला. या कागदाच्या आडोशानं आईचा इलाज तोडला जाणार असेल, तर असा कागद चुलीत घाला. 'मला सगळा इलाज हवा' असं आई म्हणाली, तर तेही तितक्याच जोरानं घरानं ऐकलं पाहिजे.

गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा कागद केला. पण आमच्या मते कागदाच्या आधी बोलणं. ते दवाखान्याच्या बाकड्यावर होत नाही. ज्वारीची मळणी झाल्यावर, लेकी माहेरी आलेल्या असताना, ओसरीवर बसून काढा. सुरुवात म्हाताऱ्यांनी करावी. पोरानं विषय काढला तर 'माझ्या मरणावर टपलाय' असं ऐकावं लागतं. अवघड काही विचारायचं नाही. मला घरी जायचं आहे की दवाखान्यात? ओळख पटेनाशी झाली तर नळीनं किती दिवस भरवायचं? जमीन गहाण टाकायची का, आणि कुठवर? थोरल्यानं ठरवायचं की सगळ्यांनी मिळून? उत्तरं एकदम येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटताना मध्येच काही तरी बोलेल, ते ऐकून ठेवा.

लिहिलेला कागद पेटीत कुलुपात नको, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा, रात्री दोनला सापडला पाहिजे. आणि गावी परत गेल्यावर ग्रामपंचायतीत लेखी विचारा, की असे कागद सांभाळायला कोण नेमला आहे. मिळालेलं उत्तर, किंवा उत्तर न मिळालेल्या अर्जाची पोच, पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. सगळी एकत्र करून जिल्हा परिषदेत नेऊ.