विजेचा उपचार कोणाला लागू पडतो?

कामतघरात कुणाच्या सासूबाईंना डॉक्टरांनी 'शॉक' सांगितला, की शेजारीपाजारी म्हणतात, "अगंबाई, या वयात? कसं झेपणार त्यांना?" आज त्यावरच बोलू.

आता हा उपचार भूल देऊन करतात. अंग सैल पडण्याचं औषधही देतात. भूल न देता तो करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदी आहे. डोक्याला थोडी वीज देऊन मेंदूत काही सेकंद फिट आणतात. आठवड्यातून दोनतीनदा, असे साधारण सहा ते बारा वेळा.

गुण सगळ्यांना सारखा येत नाही. तीव्र उदासीनतेत 'माझी आतडी सडली', 'मी पापी, मला पोलीस नेणार' असे भ्रम असतील, तर गुण जास्त येतो. बोलणं, हलणं, खाणंच थांबलं असेल, तर कधीकधी पहिल्या काही वेळांतच फरक दिसतो. आणि वय? म्हाताऱ्या माणसांना तरुणांपेक्षा बऱ्याचदा अधिक चांगला गुण येतो. हृदय, रक्तदाब तपासून घ्यायचा, पण नुसत्या वयाकडे बघून नाही म्हणायचं नाही. बाई की पुरुष, यानं फारसा फरक पडत नाही.

दुखणं वर्षानुवर्षं मुरलं, बरीच औषधं वाया गेली, की गुण येण्याची शक्यता घटते. तरी अशांतल्याही पुष्कळांना फायदा होतो. म्हणून 'आधी सगळं करून बघू, शेवटी शॉक' असं म्हणत बसू नका. सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं, तर 'वय झालं' म्हणून आठवडे घालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवीच न्या. झोपेच्या काही गोळ्या, फिटची औषधं या उपचाराचा जोर कमी करतात. मात्र आपल्या मनानं काही बंद करू नका. विसरायला किती होईल, हेही विचारा. उपचाराच्या दिवसांतलं विसरायला होतं. बरंचसं पुढे सुधारतं, पण काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या, तर दुखणं उलटतं.

आणि रुग्णाला समजावून तिची संमती घ्यायची असते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते.

शंका असेल तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानसची ही सेवा मोफत आहे.