दप्तराबाहेरची करडे



अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा साद्यंत आढावा घ्यावा, ही आपल्या परिषदांची रूढी आज मोडण्याची अनुज्ञा मी प्रारंभीच मागून घेतो. उस्मानाबादी करडांच्या वजनवाढीवर या अधिवेशनात विद्वानांनी इतके निबंध सादर केले आहेत की त्यांत माझी भर पडण्याचे प्रयोजन नाही. ज्या करडांचे वजन कोणी केलेच नाही, कारण वजनाचा दिवस उजाडेपर्यंत ती जगलीच नाहीत, त्यांची कैफियत तेवढी मला मांडावयाची आहे.

धाराशिव, लातूर, तुळजापूर, उमरगा या टापूतील ही काळी, काटक जात जुळ्या करडांसाठी ख्यात आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. परंतु कोणतीही खानेसुमारी त्या दिवशी दावणीला उभे असलेले जनावर मोजते, आणि आदल्या महिन्यात पुरलेले करडू कोणत्याच दप्तरात रुजू होत नाही.

मोकळ्या चराईवर जगणाऱ्या कळपात मृत्यूची वेळ बहुधा पहिल्या काही दिवसांतच ठरून जाते. शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती करडाला मिळतात फक्त चिकातून, आणि त्यांना आतड्यातून जसेच्या तसे शोषून घेण्याची शक्ती जन्मानंतर तासागणिक घटत एका दिवसात जवळजवळ संपते. आता खेड्यातला क्रम पाहा. रानातच व्यालेली शेळी सायंकाळी घरी येते तेव्हा दोन करडांपैकी धट्टे ते पिऊन झालेले असते, दुबळे मात्र कासेपर्यंत पोहोचलेलेही नसते. त्यातच जार पडेपर्यंत चीक पाजू नये असा समज अद्याप पुष्कळ घरांत टिकून आहे. पुढे शेळी सकाळी चरावयास गेली की करडे दिवसभर डालग्याखाली राहतात. भुकेने ती ओली माती चाटतात, त्या मातीतून जंत आणि हगवणीचे रोग पोटात जातात, मुताच्या उग्र वाफेने फुप्फुसे धरतात. आणि संध्याकाळी पान्हा भरलेली आई परतताच उपाशी करडू अधाशासारखे इतके पिते की तेही सोसत नाही. वर घरच्या चहापुरते दूध आधीच काढलेले असते. ज्या घरी दोन वेळच्या चहाला दुसरे दूध नाही, त्या घराला याबद्दल दूषण देण्याचे धाडस मला तरी होत नाही.

तथापि याहूनही मागे गेले पाहिजे. गर्भाच्या वजनाची बहुतांश वाढ गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात होते. जून-जुलैत फळलेली शेळी पाच महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरात विते; तिचे हे शेवटचे आठवडे पावसाळ्यानंतरच्या हिरव्या रानात जातात, आणि करडाला थंडी सोसावी लागली तरी आईच्या कासेत दूध असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळलेली मात्र मार्च-एप्रिलात विते, जेव्हा गायरानात बाभळीच्या शेंगा आणि हिवराचा पाला यांखेरीज फारसे काही उरलेले नसते. अशा वेतातले जुळे करडू पुष्कळदा दीड किलोचेही भरत नाही. बोकड बारमाही कळपात मोकळा ठेवला की हा निर्णय माणसाने घ्यावयाचा राहतो, तो ऋतूवर सोडला जातो.

वाचलेली करडे तिसऱ्या महिन्यात आईमागे रानात जाऊ लागली की वाढ मंदावते, याचे कारण केवळ दूध तुटणे नव्हे. मोठी शेळी मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा वरचा पाला ओरपते. करडाच्या वाट्याला गुराख्याच्या आकडीने खाली येईल तेवढेच. लांडग्याचे भय या पठारावर आहेच, पण त्याच्या खात्यावर आपण पुष्कळदा नको तितके मृत्यू मांडतो.

आता आपल्या तक्त्यांविषयी. समजा, दहा शेळ्यांच्या एका कळपात १६ करडे जन्मली, तीन महिन्यांनी १० उरली आणि ती प्रत्येकी १० किलोची भरली. दुसऱ्या कळपात १६ पैकी १४ उरली, पण प्रत्येकी ९ किलोची. सरासरी वजनाच्या कसोटीवर पहिला कळप श्रेष्ठ ठरतो व पारितोषिकही त्यालाच मिळते; वस्तुतः शेळीमागे पहिल्याने १० किलो करडू दिले आणि दुसऱ्याने १२.६ किलो. दुबळी करडे जितकी अधिक मरतील तितकी उरलेल्यांची सरासरी वर चढते, हा आपल्या पद्धतीतील दोष नवशिक्यालाही दिसावा असा आहे, तरीही तो आपण वर्षानुवर्षे छापीत आलो आहोत. जुळ्या वेतांसाठी बोकड निवडताना त्याच्या आईच्या दुधाची चौकशी न करणे, हा त्याच वृत्तीचा दुसरा आविष्कार होय.

१९८७ साली तामिळनाडूत भारतात प्रथम आढळलेल्या, शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगावर आज उत्तम लस आहे. करडाला ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर टोचावयाची. तोवरचे संरक्षण लस दिलेल्या आईच्या चिकातूनच यावयाचे. पहिल्या दिवशी चीक न मिळालेल्या करडापुरती आईला टोचलेली लस व्यर्थ गेली, हे लसीकरणाच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही.

म्हणून मी उद्याच्या सत्रापुढे एक ठराव ठेवीत आहे. संशोधनाच्या प्रत्येक नोंदवहीत मेलेल्या करडाचा जन्मदिवस, मृत्युदिवस, एकटे की जुळे आणि चीक किती वेळाने पाजला, एवढे चार रकाने असावेत, आणि ते भरताना माहिती घरधन्याला विचारू नये, डालगे उचलणाऱ्या बाईला विचारावी. मसुदा चिटणिसांकडे आहे. नोंदींचे काम वाढेल अशी हरकत काही सदस्यांनी आधीच माझ्या कानावर घातली आहे. ती रास्त आहे, आणि तिची चर्चा मतदानापूर्वी व्हावी.