जिवंत किड्याचे चित्र



आज आपणांपुढे आम्ही जो विषय मांडणार आहोत, तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे. कुंडीतल्या कढीपत्त्यावर, लिंबाच्या पानामागे, गुलाबाच्या कळीवर जे इवले किडे राहतात, त्यांची छायाचित्रे जवळून कशी घ्यावीत, आणि मुख्य म्हणजे कोणत्या अटीवर घ्यावीत, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम साधनाविषयी. या छंदास फार पैसा लागतो, अशी पुष्कळांची समजूत असते. कॅमेऱ्याचे नेहमीचे भिंग ठरावीक अंतराच्या अलीकडची वस्तू स्पष्ट दाखवीत नाही. परंतु तेच भिंग कॅमेऱ्यापासून थोडे पुढे नेले, की जवळची वस्तू स्पष्ट होते आणि मोठीही दिसते. त्यासाठी मध्ये एक पोकळ नळकांडे बसवितात; त्यात काचसुद्धा नसते. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे ५० मिलिमीटरचे नळकांडे लावले, तर किडा जेवढा तेवढीच त्याची प्रतिमा आत पडते. खास मॅक्रो भिंगे हेच काम अधिक सोयीने करतात.

पण या जवळिकीची किंमत द्यावी लागते. अशा वेळी आत येणारा प्रकाश एक-चतुर्थांश उरतो. शिवाय छिद्र एफ अकरावर ठेवले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा सव्वा मिलिमीटरच्या आसपासच असतो. मुंगीचा डोळा साधला तर पाय धूसर होतात. छिद्र फारच बारीक करावे, तर प्रकाश कडेने पसरतो आणि सगळे चित्र मऊ पडते. म्हणून हल्ली कॅमेरा केसभर पुढे सरकवीत अनेक चित्रे घेतात आणि संगणकावर त्यांतील स्पष्ट भाग जोडतात. युक्ती उत्तम आहे. मात्र तोवर किडा हलता कामा नये. आणि येथेच मोह सुरू होतो. कोणी किड्याला शीतकपाटात ठेवून गारठवितो, कोणी चिकटवितो, कोणी मारूनच टाकतो.

हा मोह जुना आहे. इंग्लंडमधील रॉबर्ट हुक याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीचे चित्र काढताना ती स्वस्थ राहीना. अखेरीस त्याने तिला ब्रँडी पाजून झिंगविले! तासाभराने ती शुद्धीवर आली आणि चालती झाली. हुकाला कॅमेरा ठाऊक नव्हता. हाताने रेखाटन करावयाचे होते. आपल्या हाती क्षणाच्या अंशात चित्र टिपणारे यंत्र आहे. मग आपण तोच उपाय का करावा?

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञही नमुने गोळा करतातच की! करतात, आणि कित्येक जातींची ओळख त्याखेरीज पटत नाही. परंतु त्या कामाला हेतू असतो, शिस्त असते, नोंद असते. आपणां हौशी माणसांपाशी नुसती हौस असते.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही, खरेपणाचाही आहे. लिंबावरील फुलपाखराच्या अळीला डिवचले, की तिच्या डोक्यामागून दुबेळकी, उग्र वासाचा अवयव बाहेर येतो. चित्र मोठे छान दिसते. पण ते तिच्या जगण्याचे चित्र नव्हे, तिच्या भीतीचे आहे. तसेच मावा पडलेली फांदी तोडून टेबलावर आणली, तर मावा दिसेल. पण त्याला मिशांनी गोंजारून गोड रस मागणारी मुंगी दिसणार नाही. आणि तो मावा खावयास आलेली, काळी, काटेरी, ढालकिड्याची अळीही दिसणार नाही.

या अळीची गोष्ट तर विशेष आहे. तिचे रूप पाहून पुष्कळजण तिलाच कीड समजतात आणि फवारा मारतात. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन हे राज्याचे फुलपाखरू ठरविले. त्याच्या लहान अळ्या लिंबवर्गीय झाडांवर वाढतात आणि पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात; म्हणून नजर चुकली तर वाचतात, नाही तर आपणच त्या झटकून टाकतो. फुलपाखराचा सत्कार करावयाचा आणि त्याच्या बाळाला चिरडावयाचे, ही विसंगती जवळून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. भिंगाचा खरा उपयोग हा आहे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. सकाळी लवकर जावे. गारव्यात किडे मंद असतात आणि वाराही पडलेला असतो. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. प्रकाश कमी वाटल्यास फ्लॅशपुढे पांढरा कागद धरावा. कॅमेऱ्याची कडी फिरवीत बसण्यापेक्षा आपणच हळूच पुढे-मागे झुकावे. चित्राखाली तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहावे. त्यावाचून ते नुसते शोभेचे राहते. किडा उडाला तर उडू द्यावा. उद्या दुसरा येईल. मात्र झाड आणि त्यावरील त्याचे खाणे आपण शिल्लक ठेवले पाहिजे.