केस गळाले तरी धीर गळू नये



आज आपण केसांविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून पोरं हसतील. हसू द्या. पण ज्याचे केस गळतात, त्याला हसू येत नाही. हे आम्हांला उशिरा कळलं.

आमच्या आळीत एक मुलगा आहे. आमच्याच शाळेत शिकलेला. वय २३. एके दिवशी तो चावडीपाशी दिसला. कपाळ पार मागं गेलेलं. आम्ही सहज बोलून गेलो, "काय रे, आतापासूनच चंद्र उगवला का?" चार माणसं हसली. पोरगा मान खाली घालून निघून गेला. पुढं महिनाभर तो चावडीवर आला नाही.

मग एक दिवस त्याची आई आली. म्हणाली, "गुरुजी, यानं दोन शेळ्या विकल्या. पैसे तेलाच्या बाटल्यांत घातले. आता जेवतसुद्धा नाही."

आम्हांला फार वाईट वाटलं. आम्ही त्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून दिलं. तेच आज तुम्हांला सांगतो. आम्ही शाळामास्तर आहोत, डॉक्टर नाही.

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. त्यांतले रोज ५० ते १०० गळतात. झाडाचं जुनं पान गळतं आणि नवं फुटतं, तसंच हे. म्हणून फणीत चार केस दिसले की घाबरू नये.

केसाचं मूळ कातडीच्या आत असतं. तेवढंच जिवंत. वर दिसतो तो केस निर्जीव असतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. तेल लावलं की हा वरचा केस मऊ होतो, तुटत नाही. तेल जरूर लावा. पण तेलानं टकलावर नवा केस उगवत नाही. मुंडण केल्यानंही केस दाट होत नाहीत.

आपण शेतकरी माणसं. पीक पिवळं पडलं तर आपण पानांना हिरवा रंग देतो का? नाही. मुळाशी काय बिघडलं ते बघतो. केसांचंही तसंच. आधी कारण शोधावं, मग औषध करावं.

कारणं कोणती?

पहिलं कारण घराण्याचं. बापाला, आजोबाला किंवा आईकडच्या माणसांना टक्कल असलं, तर पोरालाही पडू शकतं. कुणाला ते विशीतच सुरू होतं. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागं सरतात, टाळू उघडी पडते. बायकांचे केस भांगापाशी विरळ होतात. हा कुणाचा दोष नाही, की पाप नाही.

यावर मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे. ते डोक्याला लावायचं असतं. पहिले काही आठवडे गळणं थोडं वाढतं. त्याला भिऊन औषध सोडू नये. गुण दिसायला चार-सहा महिने लागतात. औषध बंद केलं, की आलेले केस पुन्हा जातात. पुरुषांसाठी गोळ्याही आहेत. पण त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी यांतलं काहीच वापरू नये.

दुसरं कारण शरीराला बसलेला धक्का. टायफॉइडसारखा मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घरातलं मोठं दुःख, किंवा उपासमार. धक्का आज बसतो आणि केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून कारण ध्यानात येत नाही. असे केस बहुधा आपोआप परत येतात. मात्र वाट पाहावी लागते. केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतो.

तिसरं कारण अंगात रक्त कमी असणं. त्या दिवशी दवाखान्यात एक तरुण बाळंतीण बसली होती. मूल चार महिन्यांचं. केस मूठमूठ गळत होते. सासू म्हणत होती, "नजर लागली." दोरे बांधून झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर केस गळतातच, ते परत येतील." पण त्यांनी पोरीच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरी फटक. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन अवघं ७. ते १२ तरी हवं. पोरीला दोन पायऱ्या चढताना धाप लागत होती, पण घरात कुणाला ते दिसलंच नव्हतं. केसांचं निमित्त झालं, म्हणून दुखणं सापडलं.

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर घेऊ नयेत. संडास काळी झाली तर भिऊ नये. गळ्यातली थायरॉइडची गाठ नीट काम करीना झाली, तरी केस गळतात. तेही रक्त तपासून कळतं.

चौथं कारण चाई. रुपयाएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडतो. लोक म्हणतात, किड्यानं केस खाल्ले. तसं नाही. शरीराची राखणदार शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उठते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळदा ती आपोआप भरते. नाहीतर डॉक्टर त्या जागी इंजेक्शन देतात.

पण चट्ट्यावर खाज आणि पापुद्रे असले, तर तो नायटा समजावा. लहान मुलांना तो फार होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो. त्याला पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. त्या घरात फणी आणि टॉवेल वेगळे ठेवावेत.

पोरींच्या वेण्या फार ओढून बांधू नयेत. त्यानंही कपाळावरचे केस जातात.

कधी कधी कारण अन्नातही असतं. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत असंच झालं. तीन-चार दिवसांत माणसांची डोकी उघडी पडली. कुणी म्हणालं पाणी वाईट, कुणी म्हणालं शांपू वाईट. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या लोकांचं रक्त आणि खाण्यातला गहू तपासून घेतला. त्यांना दोन्हींत सेलेनियम फार जास्त आढळलं. सेलेनियम हे मातीतलं एक खनिज. शरीराला ते कणभर लागतं, जास्त झालं की बाधतं. पुढं बऱ्याच जणांचे केस परत आले. यातून एक शिकावं. गावात अनेकांचे केस एकदम गळू लागले, तर लपवू नका. सगळे मिळून आरोग्य केंद्रात जा.

आता आमच्या मुलाचं काय झालं? त्याचं टक्कल घराण्यातलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला खोटी आशा दाखवली नाही. त्यानं औषध लावलं. सहा महिन्यांत गळणं थांबलं, थोडे केस आले. गेलेले सगळे काही आले नाहीत. विकलेल्या शेळ्या तर आल्याच नाहीत. "पंधरा दिवसांत केस, नाहीतर पैसे परत," असं सांगणारा तेलवाला पुढच्या बाजाराला दिसलाच नाही.

आणि आम्ही काय केलं? थट्टा चारचौघांत केली होती. म्हणून माफीही चावडीवर चारचौघांतच मागितली. पोरगा हसला. म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी." आता तो टोपी न घालता येतो.

मंडळी, केस गळतात त्याला औषध आहे. पण कुणी हसलं, की तरुण माणूस आतून मोडतो. तेव्हा हसू नका. त्याला दवाखान्यात घेऊन जा.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. रामराम.