आधी ऐकावे



मी सातवी शिकलेली, घरात राबणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. तरी माझ्या धाकट्या जावेची हकीकत तिच्याच संमतीने सांगावयास उभी राहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी पावसाने सोयाबीन गेले. तेव्हापासून ती वरचेवर म्हणे, "बाई, छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटते." मी म्हणे, "तुला काही झालं नाही. कामाला लाग." तपासणीचे कागदही चांगले निघाले. एका रात्री ती विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. ती महिनाभर सांगतच होती. मीच ऐकत नव्हते.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीने मला समजावले, की मनाच्या दुखण्याचा अभ्यास दोन रीतींनी होतो. एका रीतीत आजारी किती, ते मोजतात. दुसऱ्या रीतीत माणसाजवळ बसून विचारतात, "तुम्हाला कसे होते, ते तुमच्याच शब्दांत सांगा." ते शब्द न बदलता लिहून घेतात आणि अनेकांच्या बोलण्यात सारखे काय येते, ते पाहतात. गोव्यात 1996 साली निघालेल्या 'संगाथ' संस्थेने आजाराच्या मोठ्या नावाऐवजी लोकांच्याच तोंडचा 'टेन्शन' हा शब्द घेतला. धीर देऊन बोलते करणारी माणसेही डॉक्टर नव्हती. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती.

आपल्याच विभागातल्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचे असेच काम झाले. 2017 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. उदासीचा आजार असणाऱ्यांत मदत घेणारे आधी शेकडा 4 होते, ते 27 झाले. जीव देण्याचे विचार येणारे शेकडा 5 होते, ते अडीचवर आले.

भगिनींनो, मोजण्याचे काम शिकलेले लोक करतील. पण "पाटा ठेवल्यावानी" हा शब्द प्रथम घरातच कानी पडतो. तो ऐकून घ्यावा, "म्हणजे कसं गं?" असे विचारावे, आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. सरकारचा 'टेलि-मानस' हा 14416 क्रमांकही रात्रंदिवस फुकट चालतो. तेथे मराठीत बोलता येते.

जाऊ आता औषध घेते. कधीकधी तो पाटा पुन्हा येतो. मग ती सांगते, आणि मी हातातले काम बाजूला ठेवते.