दातांच्या तारा आणि फुटलेले ओठ : एका लहान दुखण्याविषयी

(दंतविभागाच्या वार्षिक पालक-मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज आम्ही ज्या दुखण्याविषयी बोलणार आहोत, त्याला ताळेबंदात स्वतंत्र रकाना नाही. दातांना तारा बसवलेल्या मुलांचे ओठ कोरडे पडतात, फुटतात, आतून सोलवटतात. वैद्यकाच्या दृष्टीने हे मोठे दुखणे नव्हे. तथापि दीड-दोन वर्षे चालणारा उपचार पुष्कळदा याच लहान दुखण्याशी येऊन अडखळतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे उपचाराची जी माहिती येथे देत आहोत, ती आमच्या दंतविभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेली आहे. हिशेबाची बाजू मात्र आमची आहे.

दात सरळ करणे ही चैन नव्हे का, धर्मादाय रुग्णालयाने त्यावर पैसा का खर्चावा, असा प्रश्न आम्हांला अधूनमधून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. फार पुढे आलेले दात पडण्या-झडण्यात लवकर मोडतात. वेड्यावाकड्या दातांच्या फटी नीट घासल्या जात नाहीत व कीड लागते. शिवाय ओठ व टाळू दुभंगलेल्या अवस्थेत जन्मणारी मुले असतात. जगभरात साधारणपणे ७०० जन्मांमागे एक असे हे प्रमाण सांगितले जाते. तान्हेपणी ओठाची व पुढे टाळूची शस्त्रक्रिया झाली, तरी या मुलांचा उपचार तेथे संपत नाही. हिरडीतील फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया अनेकदा ८ ते ११ वर्षांच्या सुमारास करतात आणि तिच्या आधी जबड्याची व दातांची ठेवण तारांनी सुधारून घ्यावी लागते. अशा मुलाच्या तारा म्हणजे चैन नव्हे. त्याच्या बोलण्या-जेवण्याची ती पुढची पायरी आहे. शस्त्रक्रियेच्या वणामुळे त्याचा वरचा ओठ ताठर झालेला असतो. आतून तारांचा दाब आला की तो इतरांपेक्षा अधिक ताणला जातो.

ओठ फुटतात का, हे प्रथम पाहू. ओठांची त्वचा अत्यंत पातळ असते. अंगावरच्या त्वचेला घामाचा व तेलाचा जो ओलावा आतून मिळतो, तो ओठांना जवळजवळ मिळत नाही. दातांवर ब्रॅकेट बसले की ओठ पुढे ढकलले जातात, तोंड किंचित उघडे राहते आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. येणारी-जाणारी हवा ओठ वाळवते. वाळलेल्या ओठांवरून मूल जीभ फिरवते. क्षणभर बरे वाटते. परंतु लाळ उडून जाताना ओठ पूर्वीपेक्षा कोरडे करून जाते आणि लाळेतील पाचक द्रव्ये त्वचेला चुरचुरवतात. म्हणून पुन्हा जीभ फिरते. भेटीच्या दिवशी ओठ साधनाने ताणून धरावे लागतात, तेव्हा कोरडी त्वचा तडकते. आतल्या बाजूस ब्रॅकेटच्या कडा घासून छाले येतात ते निराळेच. मग मूल पाणी कमी पिते, कारण प्यावयास दुखते; आणि पाणी कमी म्हणून ओठ आणखी सुकतात.

या उपचारात विज्ञानाने मोठी मजल मारली आहे. एके काळी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे. अमेरिकेतील डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटवण्याची रीत दाखवली आणि पुढे त्यातूनच दातावर लहानसा ब्रॅकेट थेट चिकटवणे शक्य झाले. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू १९७०च्या दशकात दातांच्या तारांसाठी वापरला जाऊ लागला आणि दातांवरचा ताण सौम्य झाला. ओठांसाठी मात्र डॉक्टर आजही जी वस्तू सांगतात, ती यांहून कितीतरी जुनी आहे. रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीनचे पेटंट घेतले ते १८७२ मध्ये! ही जेली ओठांना ओलावा देत नाही. आहे तो ओलावा उडू देत नाही, एवढेच तिचे काम.

आता पालकांसाठी काही सूचना. कृपया त्या घरी सर्वांना वाचून दाखवाव्यात.

साधी, बिनवासाची व बिनरंगाची पेट्रोलियम जेली दिवसातून अनेक वेळा, विशेषतः झोपण्यापूर्वी व तपासणीस येण्यापूर्वी, ओठांवर पातळ लावावी. कापूर, मेंथॉल किंवा दालचिनीचा स्वाद असलेली मलमे थंड किंवा छान वाटतात, परंतु फुटलेल्या ओठांना ती झोंबतात. डबी प्रत्येकाची वेगळी असावी आणि बोट स्वच्छ असावे. तारांना रबरी कड्या लावावयाच्या असतील, तर आधी बोटांची जेली पुसून काढावी; जेलीने रबर कमजोर होते.

आपल्याकडील साजूक तूप, लोणी, कोकणातील कोकमाचे तेल यांनाही आमच्या डॉक्टरांची हरकत नाही. मध मात्र लावू नये. ओठांवरचा मध चाटला जातो आणि तो गोडवा रात्रभर ब्रॅकेटच्या कडेला राहून दात किडवतो.

आतून बोचणाऱ्या ब्रॅकेटसाठी आम्ही मेणाची डबी देतो. हात धुवावेत, ब्रॅकेट स्वच्छ कापसाने कोरडा करावा, वाटाण्याहून लहान गोळी वळून त्यावर दाबून बसवावी. ओल्या ब्रॅकेटवर मेण टिकत नाही. ‘मेण लागतच नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. जेवताना व दात घासताना मेण काढावे. चुकून गिळले गेले तरी अपाय नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्याने आतील छाल्यांना आराम पडतो. सुटलेली साल ओढू नये. तारेचे टोक बाहेर आले असेल, तर ते घरी पक्कडीने वाकवू अथवा कापू नये. त्यावर मेण लावून थेट आमच्याकडे यावे.

काही खुणा दिसल्यास केवळ जेलीवर विसंबू नये. ओठांचे कोपरे लाल होऊन चिरत असतील, तर तेथे बुरशीचा अथवा जंतूंचा संसर्ग असू शकतो; क्वचित त्यामागे लोहाची किंवा ‘ब’ जीवनसत्त्वाची कमतरता असते. खोट्या दागिन्यांनी ज्या मुलीच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, तिच्या पालकांनी ते तारा बसवण्यापूर्वीच सांगावे. अशा दागिन्यांत बहुधा निकेल असते आणि ते तारांमध्येही असते. तोंडात त्याचा त्रास क्वचितच होतो, परंतु डॉक्टरांना ठाऊक असणे बरे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. या औषधाने बहुतेक सर्वांचेच ओठ सुकतात आणि दोष तारांवर जातो. आणि तोंडातील कोणताही छाला तीन आठवड्यांत भरून आला नाही, तर तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

देणगीदार मित्रहो, आता हिशेबाकडे वळू. ओठ दुखतात म्हणून मूल ब्रश नीट फिरवत नाही, जेवण टाळते, पुढच्या तारखेला येण्यास कुरकुर करते. आमच्याकडे येणाऱ्या अनेक पालकांसाठी एक खेप म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. रडणाऱ्या मुलाला ओढत आणावयाचे असेल, तर तो रोज बुडवणे जिवावर येते. एक तारीख चुकते, मग दुसरी. देखरेखीविना तोंडात राहिलेल्या तारा निरुपद्रवी नसतात. त्यांच्या कडेने अन्न साचते, दातांवर पांढरे डाग पडतात, कीड लागते आणि दात भलतीकडे सरकू शकतात. अर्धवट राहिलेला उपचार म्हणजे केवळ वाया गेलेला खर्च नव्हे. कधी कधी मुलाचे दात पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत सोडून देणे होय. या मोठ्या हानीच्या समोर एक मेणाची डबी, एक जेलीची डबी आणि परिचारिकेची दहा मिनिटे ठेवून पाहावीत. आमच्या पाहण्यात याहून किफायतशीर खर्च नाही.

यंत्रासाठी दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लावता येते. मेणाच्या डबीवर कोणाचे नाव कोरता येत नाही, आणि म्हणून ‘किरकोळ साहित्य’ हे खाते नेहमीच मागे राहते. आमची नम्र विनंती आहे की, देणगी देताना आपण तिचा काही भाग कोणत्याही यंत्राशी न बांधता या खात्यासाठी मोकळा ठेवावा. त्यातून तारा बसवलेल्या प्रत्येक मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी मेण, जेली आणि योग्य ब्रश देता येईल. आणि ते देताना कोणाच्याही घरची ऐपत विचारावी लागणार नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, ओठांच्या तक्रारीसाठी पुढील तारखेची वाट पाहू नये. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना कशाला त्रास’ असा संकोच आपल्याकडे फार आहे. आपण तो बाजूस ठेवावा. मूल जेव्हा ‘दुखतंय’ म्हणते, तेव्हा ते खरेच दुखत असते; ते ऐकून घेणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. ज्या मुलाचे लहान दुखणे वेळीच ऐकले जाते, ते मोठ्या उपचारासाठी पुन्हा खुर्चीत बसण्यास तयार होते.